लेखापरीक्षकाच्या निर्णयप्रक्रियेवर पीएचडी : अभ्यासाची पद्धत कोणती?

प्रश्न (पुणे)

सनदी लेखापाल म्हणून काही वर्षे काम केल्यावर आता पीएचडी करण्याचा विचार आहे. विषय ठरला आहे : संशयित येण्यांची तरतूद (बुडू शकणाऱ्या उधारीसाठी बाजूला धरलेली रक्कम) किंवा पडून राहिलेल्या मालाचे मूल्य अशा अंदाजांबाबत लेखापरीक्षक आपले मत कसे बनवतो. मार्गदर्शकांचा आग्रह मात्र असा आहे की लेखापालांना प्रश्नावली पाठवून "आपण व्यावसायिक साशंकता बाळगता का?", म्हणजे सांगितलेले तसेच न मानता पुरावा तपासता का, असे विचारावे. या प्रश्नाला "नाही" म्हणणारा लेखापरीक्षक सापडणे कठीण आहे. मग या क्षेत्रात संशोधन नेमके कसे करतात?

उत्तर 1 (वाणिज्य विभागातील अध्यापक)

आपली शंका योग्य आहे. माणूस स्वतःच्या निर्णयाबद्दल काय सांगतो यापेक्षा तो निर्णय प्रत्यक्षात कसा घेतो, हे या शाखेत पाहिले जाते. रॉबर्ट ॲश्टन यांनी 1974 मध्ये 63 लेखापरीक्षकांपुढे पगारपत्रकाच्या अंतर्गत नियंत्रणाची (चुका व गैरप्रकार रोखणाऱ्या कंपनीतील व्यवस्थेची) 32 काल्पनिक प्रकरणे ठेवली. प्रत्येक प्रकरणात तेच 6 मुद्दे होते, फक्त त्यांची हो-नाही उत्तरे बदलत होती, आणि नियंत्रण किती भक्कम आहे हे लेखापरीक्षकाने ठरवायचे होते. कोणत्या मुद्द्याला कोणी किती वजन दिले हे त्या निर्णयांवरूनच काढता आले. सर्वाधिक वजन कामांच्या विभागणीला, म्हणजे सगळी कामे एकाच माणसाच्या हाती नसण्याला, मिळाले. अशा कामात बरोबर उत्तराची किल्ली कोणाकडेच नसते, म्हणून लेखापरीक्षकांचे आपापसांत किती एकमत होते आणि काही आठवड्यांनी तीच प्रकरणे पुन्हा दिल्यावर तोच माणूस स्वतःशी किती सुसंगत राहतो, हे मोजले गेले.

पुढे जॉइस आणि बिडल यांनी 1981 मध्ये लेखापरीक्षकांना दर हजार कंपन्यांमागे व्यवस्थापनाच्या गैरव्यवहाराचे प्रमाण विचारले. एका गटाला आधी विचारले की ते हजारात 10 पेक्षा जास्त आहे का, दुसऱ्याला हजारात 200 पेक्षा जास्त आहे का. त्यानंतर पहिल्या गटाने दिलेल्या अंदाजाची सरासरी हजारात 16.52 आली, दुसऱ्याची 43.11. प्रश्नातल्या आकड्याने अनुभवी लेखापरीक्षकांचा अंदाज ओढून नेला; साशंकतेची प्रश्नावली हे कधीच दाखवू शकली नसती.

उत्तर 2 (मुंबई, लेखापरीक्षण व्यवसायात)

एक सावधगिरी सुचवतो. प्रत्येक चूक मनाच्या कलाची नसते. सत्यम या संगणक कंपनीच्या प्रकरणात तिच्या अध्यक्षांच्या जानेवारी 2009 मधील कबुलीपत्रानुसार ताळेबंदातील रोख व बँक शिल्लक 5,040 कोटी रुपयांनी फुगवलेली होती, आणि पुढे अमेरिकेच्या रोखे नियामकाने असे नोंदवले की बँकांकडून शिलकेची पुष्टी मागवण्याचे काम लेखापरीक्षकांनी कंपनीच्याच व्यवस्थापनावर सोडले होते. इथे मूळ दोष कार्यपद्धती न पाळण्याचा आहे. "निर्णयातील पूर्वग्रह" या एका शीर्षकाखाली तो ढकलला तर विषय पातळ होईल. लिबी आणि लुफ्ट यांनी 1993 मध्ये क्षमता, ज्ञान, प्रेरणा आणि परिस्थिती अशी निर्णयाचा दर्जा ठरवणारी चार कारणे वेगळी केली आहेत. आपल्या प्रबंधात यांपैकी कोणते तपासायचे ते आधीच ठरवावे.

उत्तर 3 (उत्तर 1 देणारे अध्यापक)

सहमत आहे, म्हणून रचना साधी ठेवा. एकाच काल्पनिक कंपनीचे येण्यांचे वयोमान-विवरण (कोणती उधारी किती दिवस थकली आहे याचा तक्ता) दोन गटांना द्या. पहिल्या गटाला व्यवस्थापनाची तरतूद आधी दाखवा. दुसऱ्याने स्वतःची अपेक्षित रक्कम कागदावर लिहिल्यानंतरच ती दाखवा. विश्लेषणात्मक तपासणीच्या एसए 520 या लेखापरीक्षण मानकामध्ये अपेक्षा आधी बांधण्यावर भर आहे, त्यामुळे हा क्रम आपल्या व्यवसायाला परका नाही. मात्र प्रकरणे सोडवायला आर्टिकलशिपचे (सनदी लेखापालाच्या हाताखाली प्रशिक्षण घेणारे) विद्यार्थी घेऊ नका. तरतुदीचा निर्णय ते स्वतः घेत नाहीत, आणि ज्याने ते काम केलेले नाही त्याच्या उत्तरात कल दिसतो की निव्वळ अज्ञान, हे वेगळे काढता येत नाही. स्वाक्षरी करणारे भागीदार आणि व्यवस्थापक मिळवणे अवघड जाईल, तरी नमुना लहान राहिला तरी चालेल, पण माणसे तीच हवीत.

प्रश्नकर्ता

आभार. येण्यांचे विवरण मी एका लघुउद्योगाच्या धर्तीवर तयार करतो. काही मोठे ग्राहक, एक जुनी वादग्रस्त रक्कम आणि मार्चअखेरची विक्री एवढे त्यात ठेवेन, आणि तो मसुदा घेऊनच मार्गदर्शकांना भेटेन.