उघड्या मैदानात ब्लूज-रॉक म्हणजे नुसता दणदणाट

तुटकी_तार

मागच्या आठवड्यात एका उन्हाळी ओपन-एअर कार्यक्रमाला जाऊन आलो. दिवसभरात सहा बँड, त्यातले चार ब्लूज-रॉकचे, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूजवर उभं राहिलेलं विजेच्या गिटारचं रॉक. परत येताना डोकं भणभणत होतं. हे संगीत मैदानासाठी नाहीच, असं माझं ठाम मत झालंय.

दुपारी साडेतीनला तिघांचा एक बँड आला. गिटारवाला पट्टीचा, त्यात वादच नाही. संथ ब्लूज धरला. असल्या गाण्यात जीव असतो तो दोन सुरांच्या मधल्या मोकळ्या जागेत. तार ताणायची, स्वर थरथरत ठेवायचा आणि मग गप्प राहायचं. तो गप्प राहिलाही. तेवढ्यात मला ऐकू आली जनरेटरची घरघर आणि शेजारच्या पोराचं "अरे सेल्फी काढ ना पटकन". ते बहुधा त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण दुसऱ्या कडव्यापासून त्याने गप्प राहणंच सोडलं. पुढची सात-आठ मिनिटं सुरांचा नुसता भडिमार, आणि पब्लिक बेहद्द खूश.

त्यात ऊन थेट गिटारवर. प्रत्येक गाण्यानंतर बिचारा लोकांकडे पाठ करून तारा जुळवत होता. आणि मी उभा होतो तिथे स्टेजशेजारच्या मोठ्या पडद्यावर बोट आधी हलायचं, सूर मागाहून यायचा. बघणं आणि ऐकणं यांची फारकतच.

ऑलमन ब्रदर्स या ब्लूज-रॉक बँडने १९७१च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात वाजवलेलं ऐका. 'व्हिपिंग पोस्ट' तब्बल २३ मिनिटांचं आहे, पण मध्ये सगळं थांबून कुजबुजीवर येतं तेव्हा लोक श्वास रोखून बसलेत हे रेकॉर्डिंगमध्येसुद्धा कळतं. अडीच हजारांच्या आसपास माणसं आणि डोक्यावर छप्पर. मैदानात हे करून दाखवा.

बाजारबुणगा

दुःख समजलं, पण निष्कर्ष पार फसलाय.

शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटवर रविवारी बाजार भरायचा. अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेले ब्लूज वादक तिथे फुटपाथवर अ‍ॅम्प (गिटारचा आवाज वाढवणारी पेटी) मांडायचे. वीज कुठून? शेजारच्या घरातून किंवा दुकानातून वायर ओढून. हार्मोनिकावाला लिटल वॉल्टर तिथे वाजवायचा, गिटारवाल्या रॉबर्ट नाइटहॉकचं तिथलं १९६४चं रेकॉर्डिंग उपलब्ध आहे. बाजाराचा कोलाहल तुमच्या जनरेटरपेक्षा कमी नव्हता. किंबहुना त्या कोलाहलावर मात करायलाच गिटार विजेवर गेली असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही. आणि तुम्ही त्याच गिटारला म्हणताय, गोंगाटात येऊ नकोस!

दुसरं, शिकागो ब्लूजचा मडी वॉटर्स, न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव, ३ जुलै १९६०. आदल्या रात्री गावात दंगल झाली होती, महोत्सव गुंडाळायचं ठरलं होतं. अशा दुपारी हा माणूस उघड्यावर उभा राहिला आणि 'गॉट माय मोजो वर्किंग' लोकांनी पुन्हा वाजवायला लावलं. शेवटी कवी लँग्स्टन ह्यूजने तिथल्या तिथे शब्द लिहून दिले आणि पियानोवरच्या ओटिस स्पॅनने ते निरोपाचं संथ गाणं गायलं. उन्हाळा, मैदान, संथ ब्लूज. सगळं हजर.

तुटकी_तार

@बाजारबुणगा, तुम्ही ब्लूजची उदाहरणं देताय, मी ब्लूज-रॉकबद्दल बोलतोय. मडीच्या बँडमध्ये हार्मोनिका, पियानो, गिटार सगळे एकमेकांना जागा देतात. ब्लूज-रॉकमध्ये एक गिटार आणि तिच्यामागे सगळा संसार. तिला लाखभर माणसं दिली की ती चेकाळते.

आडवा_बार

धागाकर्त्याशी सहमत. १९६९चा वुडस्टॉक महोत्सव बघा. टेन इयर्स आफ्टर हा बँड वादळी पावसानंतर स्टेजवर आले, दमट हवेने वाद्यं उतरलेली, एक गाणं मध्येच थांबवून पुन्हा जुळवाजुळव करावी लागली. त्यांच्या अख्ख्या सेटमधून महोत्सवावरच्या चित्रपटात काय आलं, तर 'आय'म गोइंग होम' हे एकच गाणं, आणि शेवटी खांद्यावर कलिंगड टाकून निघून जाणारा त्यांचा गिटारवाला अ‍ॅल्विन ली. त्यानंतर जन्मभर तो 'सर्वांत वेगवान गिटारवाला' म्हणूनच ओळखला गेला. माणसाला जॅझचा चांगला कान होता हो! मैदानाने त्याचा वेग तेवढा उचलला, बाकीचा माणूस तिथेच राहिला.

सुरसुरी

एवढा त्रास होतो तर घरी हेडफोन लावून बसा की. आम्ही नाचायला जातो.

मिक्सरमागचा

बरीच वर्षं ओपन-एअर साउंडची कामं करतोय म्हणून मध्ये तोंड घालतो. धागाकर्त्याची निम्मी तक्रार संगीताबद्दल नाहीच, ती घड्याळाबद्दल आहे.

आधी ते बोट आणि सूर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, कडक उन्हात थोडा जास्त. तुम्ही स्टेजपासून दीडशे मीटरवर असाल तर सूर जवळजवळ ०.४४ सेकंदांनी पोचणार. संथ ब्लूजमध्ये मिनिटाला ६० ठोके धरले, तर हा जवळपास अर्धा ठोका झाला. मध्ये स्पीकरचे मनोरे लावतात ना, त्यांचा आवाज आम्ही मुद्दाम उशिरा सोडतो, म्हणजे स्टेजकडून येणाऱ्या आवाजाशी तो जुळतो. नाहीतर सगळं दोनदा ऐकू येईल. १९७३च्या जुलैत अमेरिकेतल्या वॉटकिन्स ग्लेनच्या कार्यक्रमाला सहाएक लाख लोक जमले होते, तिथेही यासाठी डिजिटल डिले वापरला होता. पडदा मात्र थांबत नाही, म्हणून ती फारकत.

आता दुपार. उन्हाने जमीन तापते, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम होते. गरम हवेत आवाज जलद जातो, त्यामुळे तो वरच्या बाजूला वळतो आणि लांबच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जातो. सूर्य कलला, जमीन निवली की उलटं होतं, आवाज खाली वळतो आणि मागच्या रांगेतही नीट ऐकू येतो. त्यात वारा सुटला तर गिटारचे वरचे सूर एका क्षणी कानाशी, दुसऱ्या क्षणी गायब. तारांचं म्हणाल तर पोलाद तापलं की पसरतं, ताण कमी होतो, स्वर उतरतो. तुमचा गिटारवाला पाठ करून उभा होता तो याचसाठी. त्याला छत्री द्यायला हवी होती, शिव्या नव्हे.

आमच्या धंद्यातली खरी गोम सांगू? मोठं नाव नसलेला ब्लूज-रॉक बँड नेहमी दुपारी साडेतीनला ढकलतात. साउंडचेकला पुरता वेळ नाही, चाळीस मिनिटांचा सेट. त्यात संथ गाण्याला मोकळी जागा कोण देईल?

स्लाइडवाली

मिक्सरमागच्यांना सलाम. मी स्वतः स्लाइड वाजवते (बरी, फार नाही), म्हणून स्लाइड गिटारवाल्या डेरेक ट्रक्सचं उदाहरण देते. टेडेस्की ट्रक्स बँड कोलोरॅडोच्या रेड रॉक्सला उन्हाळ्यात वारंवार वाजवतो. डेरेक पिक वापरत नाही, नुसती बोटं. काचेची नळी तारेवर सरकते आणि स्वर गिटारच्या दोन पडद्यांच्या (दांडीवरच्या पट्ट्यांच्या) अधेमध्ये रेंगाळतो. बँडची गायिका सुझन टेडेस्कीचं गाणं चालू असताना तर हा कित्येकदा नुसता ऐकत उभा असतो. डोक्यावर आकाश, समोर हजारो माणसं, आणि तरी सुरांमधली जागा शाबूत. प्रश्न वाजवणाऱ्याच्या हिमतीचा आहे.

तुटकी_तार

@स्लाइडवाली, रेड रॉक्सला मैदान कसं म्हणायचं? दोन्ही बाजूंना खडकाच्या अजस्र भिंती, उतरत्या पायऱ्या, जेमतेम साडेनऊ हजार माणसं. ते बिनछपराचं सभागृह आहे! माझ्याच बाजूचा पुरावा दिलात.

बाजारबुणगा

वा! म्हणजे चांगलं वाजलं की ते सभागृह आणि बिघडलं की मैदान? हा कुठला न्याय?

बरं, खरंखुरं सभागृह घ्या. १९८२, स्वित्झर्लंडमधला माँट्रो महोत्सव, कॅसिनोची बंद खोली. ब्लूज-रॉकचा गिटारवाला स्टीव्ही रे वॉन याची तिथल्या रसिक मंडळींनी हुर्यो उडवली. शांत ब्लूज ऐकायला आले होते, हा कर्कश वाटला. छप्पर होतं, मांडी घालून बसण्याइतकी शांतता होती, नव्हता तो फक्त कान. आणि हाच माणूस शेवटचं कुठे वाजला? अमेरिकेतली अल्पाइन व्हॅली, २६ ऑगस्ट १९९०, उघड्यावर, एरिक क्लॅप्टन आणि बडी गाय यांच्यासोबत. तिथून निघालेलं हेलिकॉप्टर कोसळलं आणि तो गेला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या रात्रीबद्दल 'नुसता दणदणाट' म्हणून बघा.

आणि @आडवा_बार, वुडस्टॉकच काढलंत तर सोमवारची सकाळही काढा. गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सने 'पर्पल हेझ'नंतर 'व्हिलानोव्हा जंक्शन' वाजवलं. संथ, उदास ब्लूज, एकही शब्द नाही. त्याच चिखलात, त्याच मैदानात.

आडवा_बार

हो, पण तेव्हा बहुतेक गर्दी घरी गेली होती!

तुटकी_तार

अगदी हेच म्हणतोय मी. मैदान रिकामं झालं तेव्हा कुठे ब्लूज सापडला.

बाजारबुणगा

रिकामं म्हणजे तरी हजारो माणसं होती साहेब. तुमच्या फिलमोरपेक्षा कितीतरी जास्त.

तुटकी_तार

...हे मात्र खरं. स्टीव्ही रेचाही मुद्दा मान्य, छपराने कान येत नाहीत. तरी साडेतीनच्या उन्हात संथ ब्लूज नको, यावर मी ठाम आहे.

मिक्सरमागचा

मग भांडण मिटलंच की. पुढच्या वेळी सूर्य कलल्यावर या आणि मिक्सरच्या तंबूच्या पुढे दहा पावलांवर उभे राहा. आम्ही तिथल्याच कानाने मिक्स करतो, तीच मैदानातली सगळ्यांत चांगली जागा. फक्त माझ्या केबलवर पाय ठेवू नका.

सुरसुरी

दहा पावलांवर मीच असते. सेल्फी काढणार आहे, आधीच सांगून ठेवते.