मदत हवी आहे: मिठागराच्या पाण्यात विषाणू सापडेना, पण कंट्रोलमध्येही (विषाणू नसलेल्या थेंबाखालीही) स्वच्छ डाग!

एमएस्सीचा प्रोजेक्ट अडकलाय. वसईजवळच्या मिठागरात मीठ धरू लागलेल्या वाफ्यातलं गुलाबी पाणी आणलं. सेंट्रिफ्यूज केलं, उरल्यासुरल्या पेशी मराव्यात म्हणून क्लोरोफॉर्म घातलं, ०.२२ मायक्रॉनमधून गाळलं. यजमान (ज्यात विषाणू वाढतो तो सूक्ष्मजीव) लॅबमधलाच, मीठप्रेमी हॅलोबॅक्टेरियम सॅलिनारम. माध्यमात मीठ २५ टक्के.

०.८५ टक्के सलाइनमध्ये डायल्यूशन्स करून लॉनवर (प्लेटवरच्या यजमान पेशींच्या सलग थरावर) १० मायक्रोलिटरचे थेंब टाकले. सगळे डाग स्वच्छ, म्हणजे तिथल्या पेशी मेल्या! नाचायचीच बाकी होते, तेवढ्यात नुसत्या सलाइनच्या थेंबाखालीही तसाच डाग दिसला. सलाइन पुन्हा ऑटोक्लेव्ह केलं, तरी तेच. काय चुकतंय?

(गाईड याला फाज, म्हणजे जिवाणूंचा विषाणू, म्हणतात. १९७४ साली नॉर्वेच्या टॉर्सविक आणि डुंडास यांनी असा पहिला विषाणू नोंदवला तेव्हा त्यांनीही बॅक्टेरिओफाजच म्हटलं होतं. आर्किया (हॅलोबॅक्टेरियम ज्यांत मोडतो तो गट) जिवाणूंहून वेगळे हे तेव्हा ठरायचं होतं. आता मात्र मी विषाणूच म्हणणार.)

प्रतिसाद १
सलाइन शुद्धच आहे हो, पण या जिवांना ते गोडं पाणी! मीठ एकदम उतरलं की त्यांच्या पेशी फुटतात. कल्चरच्या थेंबात डिस्टिल्ड वॉटर घालून बघा: गढूळपणा जातो आणि डीएनएमुळे थेंबाला तार सुटते. बऱ्याच विषाणूंनाही कमी मीठ सोसत नाही. डायल्यूशन्स माध्यमाइतक्याच खाऱ्या द्रावणात करा, त्यात मॅग्नेशियम-पोटॅशियमही हवं.

प्रतिसाद २
क्लोरोफॉर्म आधी बंद करा. ऑस्ट्रेलियातल्या रॉटनेस्ट बेटावरच्या खाऱ्या तळ्यातला एसएच१ हा विषाणू घ्या: त्याला आतून लिपिडचं आवरण आहे, क्लोरोफॉर्मने तो निकामी होतो. सिसिलीतल्या ट्रापानीच्या मिठागरातला एचआरपीव्ही-१ हा विषाणू तर यजमानाला फोडतच नाही, फक्त त्याची वाढ मंदावते. तेव्हा नुसते काचेसारखे प्लाक (विषाणूने लॉनमध्ये पाडलेले डाग) शोधू नका, धुरकट डागही मोजा. आणि यजमान त्याच वाफ्यातून वेगळा करा. लॅबमधला पाळीव स्ट्रेन प्रत्येक विषाणूला चालेलच असं नाही.

धागाकर्ती
दोघांचेही आभार! तार खरंच सुटली, सुईला चिकटून बोटभर वर आली. वाफ्यातलं पाणी प्लेटवर पसरलंय, पण वाढ फार सावकाश. प्लेटा कोरड्या पडू नयेत म्हणून आता झाकणाच्या डब्यात ठेवते. गेल्या खेपेला अगारवर मिठाचे खडे धरले होते आणि मी त्यातले पंधरा प्लाक म्हणून वहीत लिहिलेसुद्धा!