मदत हवी आहे: मुलांसोबत ऑनलाइन दुकानाची कल्पना निवडताना

मंडळी, मुलगी १३ वर्षांची, मुलगा १०. दोघांनी ऑनलाइन खरेदीचा स्टार्टअप काढायचं मनावर घेतलंय आणि मला सल्लागार नेमलंय (बिनपगारी). कल्पनांनी वही भरलीय, त्यातली धरायची कोणती यावर घोडं अडलंय.

‘सगळं मिळणारं दुकान’ आधीच बाद. १९९५ साली अ‍ॅमेझॉनसुद्धा नुसत्या पुस्तकांवर सुरू झालं. पुस्तक नासत नाही, मापाची भानगड नाही आणि शीर्षकं इतकी की एका दुकानात मावणार नाहीत. लेकीला आखूड झालेल्या बुटांची अदलाबदल करायचीय, पण बुटाचं माप कंपनीगणिक बदलतं. परत येणारा मालच नफा खाईल.

मला आवडलीय ती धाकट्याची: बोर्ड गेम किंवा पझलमधला हरवलेला तेवढा एकच तुकडा विकायचा. एका सोंगटीपायी अख्खा खेळ माळ्यावर जातो, हे घरोघरी आहे. पण तुकड्यांचे प्रकार हजारो, एकेकाला गिऱ्हाईक कधीतरीच आणि कुरियर तुकड्याहून महाग. लेगोच्या सुट्या भागांचा बाजार ब्रिकलिंकवर २००० पासून चालतो (२०१९ मध्ये लेगोनेच ती साइट घेतली). मात्र तिथे भागांना ठरलेले क्रमांक आहेत, आणि माल ठेवतात ते वेगवेगळे विक्रेते. आमच्या सोंगटीला क्रमांक कोण देणार? चिरंजीव म्हणतात, फोटो काढायचा, त्यात काय!

झॅपोस या ऑनलाइन बुटांच्या दुकानाच्या निक स्विनमर्नने १९९९ मध्ये दुकानांतल्या बुटांचे फोटो साइटवर टाकले आणि ऑर्डर आली की तोच जोड विकत आणून पाठवला. त्याच धर्तीवर ‘तुमचा कोणता तुकडा हरवलाय?’ असा साधा फॉर्म ओळखीच्यांत फिरवावा म्हणतोय.

असं माल न भरता कोणी करून पाहिलंय का? लोक फॉर्म हौसेने भरतात, पैसे द्यायच्या वेळी गायब होतात. तर मागणी खरी कशावरून धरायची? शिवाय विक्रीच्या बहुतेक मोठ्या साइटवर खातं काढायला १८ पूर्ण लागतात, म्हणजे ते माझ्या नावावर. मग हिशोब, पॅकिंग, गिऱ्हाइकांना उत्तरं यातलं मुलांकडे काय सोपवलंत? मी जास्त लुडबुड केली की धाकटा वही मिटून निघून जातो.

ड्रॉपशिपिंगचे (माल स्वतः न ठेवता पुरवठादाराकडून परस्पर गिऱ्हाइकाला पाठवण्याचे) कोर्स कृपया सुचवू नका.