एपीटीटी वाढलेला, तरी रक्त पातळ करायचं औषध?

चांदणी_७
पाचव्या महिन्यात बाळ गेलं. नंतरच्या तपासण्यांत एपीटीटी (नळीत रक्त गोठायला लागणारा वेळ) वाढलेला आणि ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट पॉझिटिव्ह. एपीटीटी जास्त म्हणजे रक्त उशिरा गोठतं ना? मग पुढच्या खेपेला अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन कशाला? आणि मला ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) झालाय का? 12 आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचंय. तोवर नुसती वाट बघायची?

पोटरीवाली
ताई, फार वाईट वाटलं वाचून. घोळ त्या 'अँटिकोअ‍ॅग्युलंट', म्हणजे 'गोठणं रोखणारं', या नावाचाच आहे, मीही फसले होते. तपासणीच्या नळीत रक्त गोठायला फॉस्फोलिपिड (चरबीसारखा पदार्थ) लागतं. आपली प्रतिपिंडं नेमकं तेच अडवतात, म्हणून आकडा वाढतो. शरीरात मात्र उलटं, गुठळ्या होतात. ल्युपसच्या रुग्णांत आधी सापडलं म्हणून हे नाव पडलं. मला ल्युपस नाही.

12 आठवडे अशासाठी की एखाद्या संसर्गानंतरही ही प्रतिपिंडं तात्पुरती दिसतात. रक्त देताना हेपॅरिन किंवा तसलं काही चालू असेल तर लॅबला आधी सांगा, निकाल फसवा येऊ शकतो. कार्डिओलिपिन आणि बीटा-2 ग्लायकोप्रोटीन याही तपासण्या सांगितल्यात का? मधल्या काळात इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

मी पोटरीतल्या गुठळीनंतर सहा वर्षं वॉरफॅरिन या रक्त पातळ करायच्या गोळीवर आहे, आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं त्याचा आकडा) 2 ते 3 मध्ये ठेवायचा. एकदा दाढेसाठी अँटिबायोटिक घेतलं आणि वॉरफॅरिनचं सांगायलाच विसरले. सहाव्या दिवशी दात घासताना हिरडीचं रक्त थांबेना, आयएनआर 5.8! तेव्हापासून औषधांची चिठ्ठी पाकिटात असते. आणि पालेभाज्यांनी वॉरफॅरिनचा परिणाम बदलतो, तरी त्या सोडू नका असं सगळ्यांना सांगते, फक्त प्रमाण रोज साधारण सारखं.

अनामिक_आई
वॉरफॅरिन गरोदरपणात चालत नाही, बाळाला धोका असतो. हेपॅरिन वारेतून पलीकडे जात नाही. मी रोज पोटावर टोचून घ्यायचे, निळे डाग पडायचे, नवराच मोजायचा. बाळंतपणानंतरही सहा आठवडे इंजेक्शनं होती. मुलगी आता बालवाडीत आहे.

पथ्यकर
आयएनआर न लागणाऱ्या नव्या गोळ्या का नाही घेत?

पोटरीवाली
माझ्या तिन्ही तपासण्या (ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, कार्डिओलिपिन, बीटा-2 ग्लायकोप्रोटीन) पॉझिटिव्ह आहेत. अशांना त्या गोळ्यांवर जास्त गुठळ्या झालेल्या दिसल्यात, म्हणून डॉक्टर नको म्हणाले.

चांदणी_७
कार्डिओलिपिनचं कागदावर काहीच नाही. उद्या फोन करून विचारते.