मदत हवी आहे: कॅनच्या पत्र्याचा पंख एका टोकाला उचलला जातोय

रिकाम्या ॲल्युमिनियम कॅनपासून दुहेरी पंखांच्या विमानाचं मॉडेल करतोय. शोभेचंच आहे, उडवायचं नाही. धड, शेपटी, पुढचा पंखा जमला. घोडं अडलंय वरच्या पंखापाशी. पत्रा जेमतेम ०.१ मिमी, साध्या कात्रीने कापला जातो, पण कॅनची गोलाई काही सोडत नाही.

टेबलाच्या कडेवरून उलटा ओढून पाहिला, दोन दिवस जाड पुस्तकांखाली दाबला. सपाट होतो. मग सुपरग्लूने खांबांवर बसवला की सकाळी एक टोक वर! सुटलेल्या जागी गोंदाचा पापुद्रा खांबालाच राहिला होता, पंखाची खालची बाजू गुळगुळीत. म्हणजे कॅनच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तरावर गोंद धरत नसावा.

सोल्डरिंग सुचवू नका. ऑक्साइडच्या थरामुळे साधं कथील चिकटतच नाही (करून बसलोय, बोटही भाजलंय). रिव्हेटही नकोत, वरची छापील बाजू अखंड दिसायला हवी.

आता अस्तर घासून इपॉक्सी लावायचा विचार आहे. एवढ्या पातळ पत्र्याला भोक न पडता अस्तर निघावं, तर किती नंबरचा पॉलिश पेपर घ्यावा? आणि कडा २-३ मिमी आत दुमडल्या तर गोलाई परत येणं थांबेल का?