मुलांचं अपेंडिक्स किती बिघडलंय हे साध्या रक्ताच्या रिपोर्टवरून ठरवायचं का?

रातपाळी:
मी लहान मुलांच्या वॉर्डात ड्युटी करतो. पोटात दुखतंय म्हणून आलेल्या मुलाचं रक्त आपण घेतोच, सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), सीआरपी (आत सूज आली की रक्तात वाढणारं प्रथिन), सोडियम, कधी बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य). पण रिपोर्ट आला की पांढऱ्या पेशी वाढल्यात ना, मग अपेंडिक्स, एवढं बघून कागद फाइलीत जातो, हे मला पटत नाही. सीआरपी खूप चढलेला, सोडियम उतरलेलं, बिलिरुबिन जरासं वर, हे सगळं एकाच मुलात दिसलं तर अपेंडिक्स फुटलेलं किंवा सडलेलं असायची शक्यता बरीच वाढते. आणि त्याला कारणंही आहेत, आतली सूज वाढली की शरीर पाणी धरून ठेवतं त्यात उलट्या, म्हणून सोडियम पडतं, आणि आतड्यातले जंतू नि त्यांचं विष रक्तातून थेट लिव्हरला जातं म्हणून पित्त अडतं आणि बिलिरुबिन चढतं. आत्ताच ऑपरेशनच्या टेबलवर घ्यायचं, मोठ्या ठिकाणी पाठवायचं की नुसत्या अँटिबायोटिकवर ठेवून बघायचं, हे ठरवताना हा कागद समोर पाहिजेच.

हात_आधी:
अजिबात पटलं नाही. सीआरपी चढायलाच सहा-आठ तास लागतात, पुरता वर जायला दोनेक दिवस. दुपारी दुखायला लागलेलं पोर संध्याकाळी आणलं तर सीआरपी नॉर्मल येणार आणि आपण म्हणणार सौम्य आहे, बघू सकाळी. मुलांचं अपेंडिक्स ओळखायला २००२ साली जो स्कोअर (पीडियाट्रिक अपेंडिसायटिस स्कोअर) आला त्यात १० पैकी रक्ताला फक्त २ मार्क, बाकीचे ८ विचारून आणि हात लावून मिळतात.

रातपाळी:
पण तो स्कोअर अपेंडिसायटिस, म्हणजे अपेंडिक्सला सूज, आहे का एवढंच सांगतो, फुटलंय का ते नाही. मी दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलतोय.

दोघांची_आई:
डॉक्टर नाही मी, पण हे वाचून राहवलं नाही. माझा धाकटा साडेचार वर्षांचा होता, बेंबीपाशी दुखतंय एवढंच सांगायचा. रिपोर्ट बघून आम्हाला सांगितलं की फार काही नाही, घरी न्या. रात्री तो म्हणाला आता दुखत नाही, आम्हाला हायसं वाटलं, आणि सकाळी अंगात फणफणून ताप आणि पोट फळीसारखं कडक. फुटल्यावर थोडा वेळ दुखणं कमी होऊ शकतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला उडी मारून दाखव असं एकदा जरी कुणी म्हटलं असतं ना तरी कळलं असतं, कारण तो पलंगावरून खालीसुद्धा उतरत नव्हता.

हात_आधी:
ताई, मी हेच सांगतोय. पाचच्या आतल्या मुलांत अपेंडिक्स हॉस्पिटलला येईपर्यंत फुटलेलं असण्याचं प्रमाण मोठ्या मुलांपेक्षा खूप जास्त असतं.

काचपट्टी:
लॅबमधून बोलतेय. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट हे पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार, हल्ली न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागून आकडा काढतात, जास्त आला तर आजार जास्त. पैसे लागत नाहीत, सीबीसीतच असतं सगळं. पण चार-पाच वर्षांच्या आत लिम्फोसाइट मुळातच जास्त असतात, म्हणून त्या वयात हा आकडा खाली दिसतो, दहा-बारा वर्षांच्या मुलाची रेघ त्याला लावून कसं चालेल? मूल स्टेरॉइडवर असेल तर उलट न्यूट्रोफिल उगाच वाढलेले दिसतात. फॉर्मवर वय आणि औषधं नीट लिहून पाठवा हो, अर्धे फॉर्म कोरे येतात.

रातपाळी:
ताई, तुमच्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि माझं पहिलं म्हणणं मी थोडं बदलतो. चढलेला रिपोर्ट घाई करायला वापरा, नॉर्मल रिपोर्ट थांबायला वापरू नका. आणि मूल ठेवून घेतलंच असेल तर काही तासांनी तेच रक्त परत पाठवा, दोन आकड्यांमधला फरक एकट्या आकड्यापेक्षा जास्त सांगतो.

हात_आधी:
परत पाठवा, चालेल. पण दुसऱ्यांदा सुई टोचायच्या आधी पोटाला परत हात लावा, आणि तो शक्यतो पहिल्यांदा ज्याने लावला त्यानेच.