नवऱ्याला एडीएचडी निघालं, समजून घ्यायला कुठलं पुस्तक वाचू?

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीत राहते. मुलाचं (वय ९) शाळेतून "लक्ष नाही, जागेवर बूड टेकत नाही" असं दोन वर्षं चालू होतं म्हणून शेवटी ठाण्याला डॉक्टरांकडे नेलं. तिथे ती प्रश्नावली भरताना नवरा शेजारून म्हणतो, अगं हे तर माझंच लिहिलंय सगळं. मग त्याचीही तपासणी झाली आणि दोघांनाही एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं जड जातं अशी मेंदूची ठेवण) निघालं. नवरा ४१ चा. डॉक्टर म्हणाले नवल नाही, हे बऱ्याचदा रक्तातूनच येतं.

खरं सांगू का, मुलाचं पटकन पटलं, नवऱ्याचं पटायला जड जातंय. १३ वर्षं मी हेच धरून बसले होते की हा मुद्दाम करतो. लाइट बिल विसरणार, गॅसवर दूध ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहणार, ठाण्याहून येताना ऐरोली सोडून घणसोलीला उतरणार (महिन्यातून एकदा तरी, आणि वर हसतो). सासूबाई "लहानपणापासूनच वेंधळा आहे तो" म्हणून मोकळ्या.

पण हाच माणूस सोसायटीच्या गणपतीचं डेकोरेशन तीन रात्री जागून पुठ्ठ्यातून उभं करतो, जेवायला हाक मारली तर ऐकूसुद्धा जात नाही. मागच्या पावसाळ्यात मीटर रूममध्ये पाणी शिरलं, सगळे नुसते ओरडत होते आणि हा एकटा शांत, कोणी काय करायचं ते सांगत होता. ते लक्ष तेव्हा कुठून येतं आणि बिलाच्या वेळी कुठे जातं, मला तेवढंच समजून घ्यायचंय.

नेटवर बघितलं तर एकतर लक्षणांची यादी नाहीतर "ही सुपरपॉवर आहे" वाले रील्स. सुपरपॉवर ऐकलं की माझं डोकं फिरतं कारण तिची थकबाकी मी भरते. पण नुसता आजार म्हणूनही बघायचं नाहीये. इंग्रजी चालेल. सासूबाईंसाठी मराठीत काही आहे का? त्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाच्या जुन्या मेंबर, हातात पुस्तक कायम.

खाडीकाठ: ताई, मी स्वतः त्यातलाच. हॅलोवेल आणि रेटी यांचं 'ड्रिव्हन टू डिस्ट्रॅक्शन' घ्या, १९९४ चं आहे. दोघेही सायकियाट्रिस्ट आणि दोघांनाही स्वतःला एडीएचडी, त्यामुळे उपदेश कमी आणि माणसांच्या गोष्टी जास्त. जोडप्यांवरही आहे त्यात. हॅलोवेल म्हणतात की हा मेंदू म्हणजे इंजिन फेरारीचं आणि ब्रेक सायकलचे. त्यांचंच २०२१ चं 'एडीएचडी २.०' आटोपशीर आहे, ते साहेबांना द्या, जाडं दिलंत तर उशाशी पडून राहील.

पाम_बीच_पायी: वरच्यांचं बरोबर पण सोबत मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कलींचं 'टेकिंग चार्ज ऑफ अॅडल्ट एडीएचडी' पण वाचा. त्यांना ही देणगी वगैरे भाषा अजिबात मान्य नाही. त्यांचं म्हणणं असं की काय करायचं हे या लोकांना माहीत असतं, वेळेवर ते हातून होत नाही, अडचण स्वतःला आवरण्याची आहे. तुमचं कोडं इथेच सुटतं बघा. मीटर रूममधलं पाणी डोळ्यासमोर आहे, गणपती परवावर आलाय, बिलाची तारीख मात्र पंधरा दिवस लांब, म्हणजे त्या मेंदूच्या लेखी नाहीच. बिल ऑटो पेवर टाका आणि भांडण मिटवा.

आणि कोणी थॉम हार्टमन यांची 'शिकारी आणि शेतकरी' वाली कल्पना (एडीएचडीवाले म्हणजे शेतकऱ्यांच्या जगात अडकलेले शिकारी) सांगितली (१९९३) तर वाचा, छान वाटतं, पण सिद्ध झालेलं विज्ञान म्हणून नको.

सासूबाईंसाठी आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) चं 'आवाहन' नावाचं यूट्यूब चॅनल आहे, ठाण्यातलीच संस्था, डॉ. आनंद नाडकर्णींची. मनाच्या आरोग्यावर घरगुती मराठीत बोलतात. नाहीतर पुस्तकातल्या दोनचार गोष्टी तुम्हीच मराठीत सांगा, मुलाचं लहानपण आठवेल त्यांना.

धागाकर्ती: खूप आभार दोघांचे. पंधरा दिवसांवाली गोष्ट त्याला वाचून दाखवली तर गप्पच झाला, मग म्हणाला शाळेत असताना कोणी हे सांगितलं असतं तर. मलाही पुढे काही बोलवेना. तुम्ही सांगितलेली पुस्तकं त्यानेच लगेच ऑर्डर केली. पत्ता मात्र कळव्याच्या जुन्या घरचा टाकलाय. आता घ्यायला गेलाय.